अठ्ठेचाळीस किल्ल्या

गल्लीत कुणाच्या घराचा नंबर काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. 'घड्याळवाल्यांच्या समोर' किंवा 'जिन्याखालच्या बाई' एवढं पाकिटावर लिहिलं तरी पोस्टमन बरोबर त्या दारात उभा राहायचा. त्यामुळे गुरुवारी गल्लीच्या तोंडाशी यादी लागली तेव्हा सगळी गल्ली आधी यादीकडे धावली आणि मग तशीच उलट्या पावली घराकडे, आपल्या दारावर कोणता नंबर आहे ते बघायला. कुणाच्या नंबरावर रंगाचे तीन थर चढले होते, कुणी त्यावरच पाटी ठोकली होती. घड्याळवाल्याने चाकूने दार खरवडलं तेव्हा कुठे त्याला कळलं की गेली चाळीस वर्षं तो सव्वीस नंबरात राहतोय.

गल्लीवरून पूल जाणार हे तीन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. त्याचं रडणं चिमटीने तेव्हाच रडून घेतलं होतं, तेही शिंपीणमावशीच्या ओट्यावर बसून, मनसोक्त. चिमटी दहा वर्षांची. अंगापिंडाने एवढीशी आणि धरलं ते न सोडणारी, म्हणून आजोबांनीच तिला हे नाव दिलं होतं. घरं जाणार म्हणजे जाणार, पण सगळे मिळून जाणार, अशी तिने मनाची समजूत घातली होती. यादीने त्या समजुतीवर पाणी फिरवलं. एक ते सोळा नंबर पहिल्या इमारतीत, मोठ्या दवाखान्याला लागून. सतरा ते बत्तीस दुसऱ्या इमारतीत, नदीपलीकडे. तेहतीस ते अठ्ठेचाळीस तिसऱ्या इमारतीत, शहराच्या पार टोकाला, जिथे जायला दोन बस बदलाव्या लागत. चिमटीचं घर अठ्ठेचाळीस, म्हणजे तिसरी इमारत. भिंतीला भिंत लागून असलेल्या शिंपीणमावशीचं घर तीन, म्हणजे पहिली.

मावशी नात्याने कुणाचीच मावशी नव्हती आणि सगळ्या गल्लीची होती. आईला कामावर जावं लागायचं तेव्हा चिमटी मावशीच्या मशीनखाली चिंध्यांशी खेळत मोठी झाली. आता मावशीच्या डोळ्यांवर धुरकट पडदा उतरू लागला होता. कापड तिला बोटांनी कळायचं, मशीनही पायाला पाठ होतं, पण हातशिलाईच्या सुईचं नाक काही केल्या दिसायचं नाही. म्हणून रोज सकाळी शाळेच्या आधी चिमटी वीस सुया ओवून सुयांच्या छोट्या गादीत टोचून ठेवायची. दिवसभर मावशी एकेक सुई उपटायची आणि काम करायची. गेली दोन वर्षं यात खंड नव्हता. ताप आला तरी चिमटी अंथरुणातून सुया ओवून पाठवायची.

यादी कुणी लबाडीने केली यावर तीन दिवस गल्लीत खल चालला होता. कुणी म्हणे कार्यालयातल्या लोकांना गल्लीची एकी डोळ्यात खुपते. कुणी म्हणे चांगली घरं आतल्या गोटातल्यांनी लाटली. मोठी माणसं यादीत आपला नंबर शोधायची, तो सापडला की कपाळावर हात मारायची आणि निघून जायची. यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती वाचायला वाकावं लागलं असतं. चिमटीला वाकावं लागलं नाही. ती ओळ तिच्या नाकासमोरच होती. 'जुने शेजारी शेजारीच राहावेत, या हेतूने घरांचे वाटप घर क्रमांकानुसार करण्यात आले आहे.'

म्हणजे कार्यालयाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं! मग घोडं कुठे पेंड खात होतं, ते तिला रविवारी सकाळी कळलं, किल्ल्यांची फळी पुसताना.

ही फळी आजोबांच्या दुकानात समोरच्या भिंतीवर होती. आजोबा कुलुपं करत. गल्लीतलं प्रत्येक कुलूप त्यांच्या हातचं होतं आणि प्रत्येक घराची एक किल्ली घरी, तर दुसरी या फळीवर, असा गल्लीचा रिवाज होता. कुणाची किल्ली हरवली, कुणी आत पडलं, कुणी गावाला गेलं आणि दिवा चालू राहिला, की फळीवरची किल्ली घ्यायची आणि दार उघडायचं. अठ्ठेचाळीस खिळे, अठ्ठेचाळीस किल्ल्या, प्रत्येक किल्लीवर ठोकलेला आकडा. दर रविवारी त्या पुसणं हे चिमटीचं काम. फडक्याने तीन नंबरची किल्ली पुसता पुसता ती थांबली. मावशीची किल्ली तीन, कारण आजोबांनी गल्लीत बसवलेलं तिसरं कुलूप मावशीचं. आपली अठ्ठेचाळीस, कारण स्वतःच्या घराला कुलूप लावायला आजोबांना सगळ्यात शेवटी सवड झाली. दिव्याखाली अंधार, असं म्हणून आजी त्यांना मरेपर्यंत चिडवायची.

दारांवरचे नंबर घरांच्या रांगेचे नव्हतेच. ते कुलपांचे होते!

*

अकरा वाजता सगळे दुकानात जमले, कारण मोठ्या काकांनी निरोप धाडला होता. काका कचेरीत हेडक्लार्क. गल्लीच्या बंद टोकाशी त्यांचं वेगळं बिऱ्हाड होतं, पण घरातला कोणताही कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणी सही करत नसे. त्यांनी संमतीपत्रं आणली होती, दोन्ही घरांची. त्यांचं घर अकरा नंबर, पहिली इमारत. तिथून कचेरी चालत दहा मिनिटांवर.

"उद्या बारापर्यंत कागद द्यायचेत," काका स्टुलावर बसत म्हणाले. "अण्णा, तुम्ही इथे सही करा. उगाच चर्चेचं गुऱ्हाळ नको."

आजोबांना मुलं-सुना अण्णा म्हणत. ते कानस हातात घेऊन बसले होते, पण कानस चालत नव्हती. तीन दिवस ते जवळजवळ बोललेच नव्हते. गल्ली जाण्याचं दुःख, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"तुम्हाला काय, भाऊजी," आई म्हणाली. "तुमच्या पथ्यावरच पडलं. आम्ही दोन बस बदलून दुकान कुठे मांडायचं?"

"अगं, मी यादी केली का?"

"नाही केली. पण बघा तरी, तुमचा चेहरा लपत नाहीये."

बाबा नेहमीप्रमाणे मूग गिळून बसले होते. काकू दाराशी उभी राहून बाहेर बघत होती. चिमटीने हा सगळा वेळ एकच काम चालवलं होतं. ती फळीवरच्या किल्ल्या काढून जमिनीवर मांडत होती. एका हाताला चोवीस, समोर चोवीस, मधे वीतभर मोकळी जागा.

"ए, काय पसारा मांडलाय?" काका म्हणाले. "इथे मोठी माणसं बोलताहेत ना?"

"पसारा नाही काका, ही आपली गल्ली आहे. हे तोंड, इथे न्हावीदादा. त्यांच्या शेजारी जिन्याखालच्या बाई. आता आकडे वाचा."

"मला वेळ नाही."

"मी वाचते," आई म्हणाली आणि खाली उकिडवी बसली. "एकोणीस. बेचाळीस. सात. तेहतीस. सव्वीस..." वाचता वाचता तिचा आवाज हळू झाला. "अय्या, याला तर ना शेंडा ना बुडखा. हे मधलं अठ्ठेचाळीस आपलं, आणि त्याला लागून मावशी, तीन."

"यादीत खाली लिहिलंय, शेजारी शेजारीच राहावेत म्हणून नंबराप्रमाणे घरं दिली," चिमटी म्हणाली. "त्यांना वाटलं तीनच्या शेजारी चार असणार. पण आपल्याकडे तीनच्या शेजारी अठ्ठेचाळीस आहे. त्यांना सांगितलं तर ते यादी बदलतील. गल्ली जशी उभी आहे तशीच नेतील."

मग सगळ्यांच्या माना एकदमच आजोबांकडे वळल्या.

आजोबांनी कानस खाली ठेवली. "मला गुरुवारीच कळलं होतं," ते म्हणाले.

"अण्णा!" बाबांच्या तोंडून निघालं.

"नंबर टाकायला माणूस आला होता, चाळीस वर्षं झाली त्याला. एक नंबर कुणाचा यावरून न्हाव्याचा बाप आणि शेवटच्या घरातला सुतार हातघाईवर आले. मी म्हटलं, भांडू नका, ज्याचं कुलूप आधी त्याचा नंबर आधी. किल्लीवर जो आकडा तोच दारावर. मला सोपं जाईल. सगळे हो म्हणाले, मीच ब्रश घेऊन रंगवले." त्यांनी दोन्ही हात उलटे करून पाहिले, जणू रंग अजून लागला आहे. "तीन दिवस लोक माझ्याच दुकानात बसून त्या कार्यालयाला शिव्या घालताहेत. आणि मी माझ्या हाताने मोडलेली गल्ली बघत गप्प बसलोय. लाज वाटली रे. या वयात तोंड कसं दाखवू?"

चिमटीला आजोबांचं फार वाईट वाटलं. पण त्या वाईट वाटण्यात तिने किल्ल्या उचलल्या नाहीत.

"झालं ते झालं," काका म्हणाले. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. "कुणाला काही कळलेलं नाही. आता आपण होऊन सांगायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. अण्णा, चाळीस वर्षं गल्लीने तुमच्यावर विश्वास ठेवून किल्ल्या टांगल्या. त्यांना सांगायचं का, की यादीचा हा गोंधळ तुमच्यामुळे झाला?"

"अण्णांच्या नावाची काळजी की पहिल्या इमारतीची?" आईने विचारलं.

काका लाल झाले. "दोन्हींची! लपवत नाही मी. गल्ली रांगेने मोजली तर माझं घर शेवटच्या सोळांत जातं. अरे, तूच सांग, माझ्या जागी तू काय केलं असतंस?"

बाबांनी मान खाली घातली. "मी गप्प बसलो असतो, दादा," ते म्हणाले. "म्हणून तर मी अजून अण्णांच्या हाताखालीच आहे."

तेवढ्यात दाराशी उभी असलेली काकू बोलली, आणि ती बोलेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"अहो, ती यादी मी पाठ केलीय. पहिल्या इमारतीत आपल्याबरोबर कोण कोण आहे ते सांगू? त्या पंधरा घरांत, एक मावशी सोडली तर, ज्याच्याकडे उठून वाटीभर साखर मागायला जाईन, असं एक दार नाही. माझी दोन्ही बाळंतपणं सुतारीणबाईंनी निभावली. तुम्ही तेव्हा कचेरीत होतात."

"तू आता या वयात बाळंत होणारेस का?"

"मरणार तर आहे ना कधीतरी! तेव्हा दार वाजवायला कुणी हवं की नको?"

आईला हसू फुटलं. दोघी जावांचं गेल्या सहा महिन्यांत सरळ बोलणं नव्हतं, आणि आज आई सरकून काकूला बसायला जागा करत होती. काकांना ते दिसलं. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, त्यांनी बायकांचा नाद सोडला आणि थेट चिमटीकडे वळले.

"तुझ्या मावशीसाठी चाललंय ना हे सगळं?"

"हो," चिमटी म्हणाली. खोटं कशाला बोलायचं?

"मग एक सांग. मावशीचे डोळे जाताहेत. तिला घर मिळालंय मोठ्या दवाखान्याच्या दारात. तुझ्या रांगेप्रमाणे ती नदीपलीकडे जाणार. तिला विचारलंस? की तुला तुझी मावशी हवी म्हणून तिचा दवाखाना काढून घेणार?"

चिमटीने विचारलंच नव्हतं. सकाळपासून तिच्या डोक्यात फक्त आकडे होते. काका लबाडीने बोलत असतील, पण बोलले ते खरंच होतं, आणि खरं कुणी का बोलेना, ते बोचतंच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून ती उठली.

"विचारून येते," ती म्हणाली. "किल्ल्यांना कुणी हात लावू नका."

*

मावशी मशीनवर नव्हती. ती खिडकीशी उजेडात बसून बाह्यांना काठ घालत होती.

"पावलं जोरात वाजताहेत," मावशी म्हणाली. "कुणाशी भांडून आलीस?"

चिमटीने सगळं एका दमात सांगितलं. नंबर, कुलुपं, आजोबा, काका, दवाखाना. सांगताना दवाखान्याचं सगळ्यात मोठ्याने सांगितलं, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की लपवलं.

मावशीने काठ खाली ठेवला. "जरा त्या फडताळातला पत्र्याचा डबा काढ."

चिमटीने डबा काढला. झाकण घट्ट होतं. उघडलं तर आत कापडाच्या पट्टीवर ओळीने सुया टोचलेल्या होत्या, सगळ्या ओवलेल्या. पांढरा दोरा, काळा, निळा, खाकी.

यादी लागली त्या दिवशी, शाळा सुटल्यावर, मावशीने तिला बोलावून आणखी दहा सुया ओवून घेतल्या होत्या. पुढे शुक्रवारी विसाच्या तीस केल्या, काल चाळीस. शाळेच्या गणवेशांचं काम वाढलंय असं सांगितलं होतं. चिमटीला ते खरं वाटलं होतं.

"साठवत होते," मावशी म्हणाली. "म्हटलं, निघेपर्यंत चार-पाचशे झाल्या तर महिनाभर तरी निभेल. पुढचं पुढे. तुला बोलले नाही, उगाच रडली असतीस."

चिमटी आताही रडली, पण थोडंच.

"मावशी, पण दवाखाना?"

"अगं वेडे, दवाखान्यात महिन्यातून एकदा जायचं. सुई रोज ओवायची असते." तिने चाचपत चिमटीचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. "जा, सांग तुझ्या काकाला. आणि म्हणावं, लहानपणी तुझ्या चड्ड्यांना नाड्या मी घातल्यात, मला दवाखान्याचं शिकवू नकोस."

*

चिमटी परत आली तेव्हा किल्ल्या तशाच होत्या. तिने निरोप शब्दशः सांगितला, नाड्यांसकट. काकू पदर तोंडाला लावून हसली. बाबासुद्धा हसले. काका हसले नाहीत.

आजोबा मात्र उठले होते. त्यांनी दुकानाच्या गल्ल्यातून कोरा कागद काढला, चष्मा लावला आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहायला लागले. "दारांवरचे नंबर मी टाकले," लिहिता लिहिता ते मोठ्याने म्हणत होते. "माझ्या चुकीमुळे..."

"अण्णा, काय लिहिताय ते?" काका म्हणाले.

"खरं ते लिहितोय. तू अडवू नकोस."

काका उठून त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. थोडा वेळ वाचत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते चिमटीने आजवर फक्त घरच्या कागदांत चुका सापडल्यावर पाहिलं होतं.

"असा अर्ज दिलात तर पहिल्या टेबलावरूनच परत येईल," ते म्हणाले. "'चूक' लिहू नका. 'क्रमांक हे कुलूप बसविल्याच्या क्रमाने दिलेले असून घरांच्या प्रत्यक्ष रांगेशी त्यांचा संबंध नाही', असं लिहा. मग त्यांचीच ओळ त्यांना दाखवा, शेजारी शेजारीच राहावेत ही. आणि नकाशा जोडा. सरका, द्या इकडे."

आजोबांनी पेन दिलं. काकांनी नवा कागद घेतला आणि एकही खाडाखोड न करता पूर्ण अर्ज लिहून काढला. नकाशा चिमटीने काढला, जमिनीवरच्या किल्ल्या बघून, दोन रांगा, अठ्ठेचाळीस चौकोन. प्रत्येक चौकोनात दारावरचा आकडा आणि घरात राहणाऱ्याचं गल्लीतलं नाव.

"सगळ्या घरांच्या सह्या लागतील," काका म्हणाले. "एक जरी राहिली तरी ते म्हणणार, गल्लीतच एकमत नाही. ज्यांना पहिली इमारत मिळालीय ते सह्या करायला कुरकुरतील."

"मग?" आईने विचारलं.

"मग काय? पहिली सही तोट्यातल्या माणसाची हवी. म्हणजे बाकीच्यांना तोंड उघडायला जागा राहत नाही." आणि काकांनी अर्जाच्या खाली, पहिल्या ओळीवर, आपली झोकदार सही केली. काकू त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. "रोज दोन बस," ते पुटपुटले. "चहा तरी लवकर देत जा म्हणजे झालं."

दुपारी ते निघाले, आजोबा पुढे, चिमटी अर्ज धरून मागे. गल्लीच्या तोंडापासून सुरुवात केली. प्रत्येक दारात आजोबा आधी आपलीच चूक सांगत, कागदावर नव्हती तरी. न्हावीदादा म्हणाले, "हात्तिच्या, एवढंच ना," आणि सही केली. जिन्याखालच्या बाईंनी आजोबांना चार शब्द सुनावले, पाणी दिलं, मग सही केली. सात नंबरच्या दूधवाल्याने दार अर्धंच उघडलं. त्याला पहिली इमारत मिळाली होती. आता गल्ली तोंडापासून मोजली तर तो पहिल्याच सोळांत राहत होता, हे चिमटीने त्याला नकाशावर बोटाने दाखवलं, तेव्हा दार पूर्ण उघडलं. खरी अडचण आली ती बंद टोकाच्या एका घरजावयाकडे. त्यालाही पहिली इमारत मिळाली होती. तो म्हणाला, तिथलं आमचं घर का म्हणून जावं? चिमटीने काही न बोलता पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने काकांची सही वाचली, काकांच्या घराकडे पाहिलं आणि पेन मागितलं.

मावशीच्या दारात पेन तिच्या हातात देऊन चिमटीने तिचं बोट ओळीवर टेकवलं. मावशीने सही केली ती सरळ आली. ऊन उतरायच्या आत अठ्ठेचाळीस सह्या झाल्या.

सोमवारी अर्ज गेला. कार्यालयातल्या बाईंनी तो दोनदा वाचला, नकाशा आडवा-उभा करून पाहिला आणि विचारलं, हा कुणी काढला. काकांनी सांगितलं, आमच्या पुतणीने. बाईंनी माणूस पाठवला. तो गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, दारं मोजली, आणि जाताना भिंतीवरची यादी काढून घडी करून घेऊन गेला. नवी यादी रांगेप्रमाणे लागेल, असं तो आजोबांना सांगून गेला. आजोबांनी त्या संध्याकाळी इतक्या दिवसांचं राहिलेलं सगळं कानसकाम उरकलं.

मंगळवारी सकाळी चिमटी दप्तर पाठीला लावूनच मावशीच्या खिडकीशी बसली. एकेक सुई उजेडात धरायची, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचं, ओवायची, टोचायची. वीस झाल्या. तिने गादी मावशीच्या हाताशी सरकवली आणि उठली.

"आणखी दहा ओवून जा ना," मावशी म्हणाली. सवयीने तिचा हात फडताळाकडे गेला होता. "उद्याच्या."

"नाही," चिमटी म्हणाली. "उद्याच्या उद्या ओवीन."